जुन्या लेथवर जॉब टेपर निघतोय? बेड ग्राइंडिंगला देण्याआधी हे तपासा

जुनी लेथ, म्हणजे जॉब (कापायचा धातूचा तुकडा) फिरवून गोल कापणारी मशीन, घरी येते. डिझेलने धुऊन पुसून होते, बेल्ट बदलतो, मोटर बसते. पहिला एमएस (साध्या पोलादाचा) बार चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या पकडीत, धरून हलका कट घेतला जातो आणि मायक्रोमीटर लावल्यावर एका टोकाला २५.०० आणि दुसऱ्या टोकाला २५.११ मिमी दिसतं, म्हणजे टेपर: एक टोक जाड, एक बारीक. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘बेड गेलाय.’ बेड म्हणजे मशीनचा लांब ओतीव पाया, ज्याच्यावर बाकी सगळं बसतं आणि सरकतं. बडोद्यात हौसेखातर लेथ घेतलेल्या बऱ्याच जणांकडे मी याच तक्रारीसाठी जाऊन आलोय. ‘बेड गेलाय’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा बेड ठीक होता. दोष पायात होता, टेलस्टॉकमध्ये (जॉबचं दुसरं टोक टोकदार सेंटरवर पेलणाऱ्या भागात) होता, चकच्या जॉमध्ये (पकडणाऱ्या दातांत) होता किंवा मोजण्यातच होता.

म्हणून हा क्रम. वरून खाली तसाच जा. वरच्या तपासण्या फुकट आहेत, खालच्यांना वेळ, पैसा आणि दुसऱ्याचा हात लागतो. अधलंमधलं वगळून थेट हेडस्टॉकचे (चक फिरवणारा स्पिंडल असतो त्या भागाचे) बोल्ट सैल करणाऱ्याला पुढे कुणीच लवकर मदत करू शकत नाही.

आधी लक्षणं नीट लिहून काढा

‘टेपर येतो’ एवढं पुरत नाही. कुठलं टोक जाड, जॉब कसा धरला होता आणि फरक सरळ रेषेत वाढतो की मधेच, हे तिन्ही हवं. किमान १५० मिमी लांबीवर पाच ठिकाणी मोजा आणि आकडे कागदावर उतरवा.

जॉब फक्त चकमध्ये, टेलस्टॉक न लावता, आणि मोकळं टोक जाड: एक तर जॉब टूलपासून दूर दबतोय किंवा बेडला पीळ आहे.

तसाच धरलाय, पण मोकळं टोक बारीक: पीळ उलट दिशेचा असेल, टूल वाटेत बोथट होत असेल, किंवा चकजवळ बेड खरोखर झिजला असेल. झिजेची खूण अशी की फरक सरळ रेषेत वाढत नाही. चकजवळच्या पट्ट्यात एकदम वाढतो आणि पुढे जॉब जवळजवळ सरळ येतो.

टेलस्टॉकचं सेंटर लावलं की टेपर, काढलं की नाही: टेलस्टॉक. जास्त विचार करू नका.

दोन सेंटरमध्ये लांब जॉब, मध्ये पोट सुटलेलं: जॉब मध्ये वाकतोय. मशीन बिचारी ठीक आहे, स्टेडी रेस्ट (जॉबला मध्ये आधार देणारी चौकट) लावा.

टेपर दिवसागणिक बदलतो, सकाळी एक आणि दुपारी एक: पाय, फरशी किंवा तापमान.

जॉब लंबगोल येतो किंवा थरथरीच्या लहरी दिसतात: ते दुखणं बहुतेक स्पिंडलच्या बेअरिंगचं किंवा पकडीचं. त्याचा उल्लेख पुढे ओघात येईल, पण मुख्य विषय टेपरचाच आहे.

मोजण्यापासून सुरुवात

कट घेतल्याबरोबर गरम जॉबवर मायक्रोमीटर लावू नका. ५० मिमी व्यासाचा पोलादी जॉब ३० अंशांनी तापला तर व्यास सुमारे ०.०१७ मिमीने वाढतो. हातानेही जाणवेल असा हा ताप आहे, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातली दुपार असेल तर निम्मा ताप कट न घेताच मिळतो. दोन्ही टोकं सारखी निवत नाहीत. म्हणजे टेपर नसताना टेपर दिसतो. चहा घेऊन या, मग मोजा. कडेची बर (धातूची खरखरीत कड) फाइलने काढा, मायक्रोमीटरचं रॅचेट वापरा आणि शून्य तपासा. व्हर्नियरने ०.०२ चे निर्णय घ्यायचे नसतात.

कंपाउंड स्लाइडने फिरवताय का?

जुन्या मशीनचा हाफनट, म्हणजे कॅरेज (बेडवर लांबीने सरकून टूल नेणारा भाग) लांब स्क्रूशी जोडून आपोआप चालवणारा नट, झिजलेला असतो किंवा चेंज गिअर गहाळ असतात. मग बरेच जण कंपाउंडच्या (टूलखालच्या, कोनात फिरवता येणाऱ्या लहान स्लाइडच्या) हँडलने जॉब फिरवतात. कंपाउंडवरची शून्याची खूण हातभर अंदाजाची असते. अर्धा अंश चुकला तर ५० मिमी लांबीत व्यासात ०.८७ मिमी फरक पडतो. टेपर बघायचा असेल तर कट कॅरेजनेच घ्या, हाताने चाक फिरवून का होईना. फरक नाहीसा झाला तर दुरुस्ती संपली: चकमध्ये खात्रीचा सरळ बार धरा, डायल गेज (सुईने बारीक फरक दाखवणारं माप) टूलपोस्टला (टूल धरणाऱ्या ठोकळ्याला) लावा, कंपाउंड बारच्या बाजूने पुढे-मागे चालवा आणि सुई हलेनाशी होईपर्यंत कंपाउंड सेट करा.

टूल आणि बाहेर निघालेली लांबी

हौशी माणसाच्या लेथवर इथेच सगळ्यात जास्त केसेस निकालात निघतात. चकमधून बाहेर आलेल्या बारचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट. उलट व्यास दुप्पट केला की बार सोळापट ताठ होतो. त्यामुळे १२ मिमीचा बार १०० मिमी बाहेर काढून ‘मोकळं टोक जाड आलं’ म्हणणं ही मशीनची तक्रारच नव्हे. आधाराशिवाय व्यासाच्या तीन-चारपट लांबी, त्यापुढे सेंटर लावायचं.

तपासायची युक्ती सोपी आहे. कट पूर्ण करा, क्रॉस स्लाइडला (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडला) अजिबात हात न लावता त्याच मापावर आणखी एकदा टूल चालवा. मोकळ्या टोकाकडे बारीक केसासारखी चिप निघत राहिली आणि चकजवळ काहीच निघालं नाही, तर जॉब दबत होता. तिसऱ्यांदा चालवल्यावर काही निघत नसेल आणि टेपर जवळजवळ गेला असेल तर उत्तर मिळालं. टूलला नव्याने धार लावा, नोज रेडियस (टोकाची गोलाई) लहान ठेवा, टोक बरोबर सेंटरवर आणा. मोठ्या रेडियसचं कार्बाइड इन्सर्ट ०.०५ चा कट घेताना कापण्यापेक्षा घासतंच जास्त. घरच्या हलक्या लेथवर घासून धार काढलेलं एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल बिट अजूनही राजा आहे, हे माझं मत कुणी बदलू शकलेलं नाही.

चकचे जॉ

एक गैरसमज आधी काढून टाकू. थ्री-जॉ चकमध्ये जॉब ०.१ ने बाहेर फिरतो, म्हणून टेपर येतो, असं नाही. एकदाच धरून फिरवलेला भाग स्पिंडलच्या अक्षाशीच जुळतो, चक कसाही असो. पण जॉ पुढून पसरले असतील, म्हणजे जॉब फक्त मागच्या कडेवर धरला जात असेल, तर टूलच्या दाबाने तो हलतो. मग टेपरही येतो आणि लहरीही.

साध्या कागदाच्या तीन बारीक पट्ट्या घ्या. जॉ आणि भरीव, गोल बार यांच्यामध्ये पुढच्या कडेला प्रत्येकी एक ठेवा आणि चक नेहमीसारखा आवळा. पट्टी ओढून पाहा. अलगद सुटून आली तर तो जॉ पुढे धरत नाही. मग पट्ट्या मागच्या बाजूला घालून तेच करा. तिन्ही जॉ पुढून सैल असतील तर जॉ ग्राइंड करून घ्यावे लागतात, आणि तेही जॉना आवळल्यासारखा दाब देऊन. मोकळे ग्राइंड केले तर परत तेच होणार. टूलपोस्टवर ग्राइंडर लावून हे घरी करणारे आहेत, पण ग्राइंडिंगची धूळ बेडवर गेली तर एक दोष काढून दुसरा पेरलात. बेड कापडाने झाका, नाहीतर चक बाहेर देऊन या. तोवर फोर-जॉ चक वापरा.

जिब, लॉक, ढिलेपणा

क्रॉस स्लाइडची जिब पट्टी (स्लाइडमधला ढिलेपणा काढणारी पट्टी) सैल असेल तर टूल कटमध्ये मागे सरकतं. टूलपोस्ट हाताने धरून पुढे-मागे हलवा आणि शेजारी डायल लावा. सुई हलून परत जागेवर येत नसेल तर जिबचे स्क्रू एकेक करून आवळा. स्लाइड जड पण सलग चालली पाहिजे. टेपर तपासताना क्रॉस स्लाइडचा लॉक लावाच, लॉक नसेल तर जिबचा मधला स्क्रू तात्पुरता आवळा. माप गाठताना मागे जाऊन बॅकलॅश (स्क्रूचं रिकामं फिरणं) काढा आणि नेहमी एकाच दिशेने पुढे या.

कॅरेजच्या मागच्या पट्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ती सैल असेल तर कटच्या जोराने सॅडल (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) मागून उचललं जातं. आवळताना मात्र बेडच्या दोन्ही टोकांना कॅरेज चालवून पाहा. चकजवळ बरोबर बसलेलं सॅडल टेलस्टॉककडे नेताना अडकत असेल तर ती बेडच्या झिजेची पहिली खरी खूण. कागदावर टिपून ठेवा. आत्ता काही करू नका.

टेलस्टॉक

आधी स्वच्छता. सेंटर काढा, मोर्स टेपरच्या (सेंटर बसतं त्या निमुळत्या) भोकात चिंधी फिरवा, बोट घालून बर आहे का पाहा. टेलस्टॉक उचलून खालची चिप साफ करा. एखादी चिप टेलस्टॉकला ०.०५ ने उचलते किंवा तिरपं करते. बॅरल (सेंटर धरून पुढे-मागे होणारी नळी) जेवढं कमी बाहेर तेवढं बरं, आणि मोजताना बॅरलचा लॉक लावलेला.

मग दोन सेंटरमध्ये ३०० मिमीचा बार धरून हलका कट. सुरुवातीचं आणि शेवटचं माप घ्या. टेलस्टॉककडचं टोक ०.०८ ने जाड आलं तर टेलस्टॉक आपल्याकडे, म्हणजे उभं राहून काम करणाऱ्याच्या दिशेने, ०.०४ सरकवायचं. बारीक आलं तर तितकंच पलीकडे. फरकाच्या निम्मं, कारण व्यास दोन्ही बाजूंनी मोजतो. माप सेंटरमधल्या अर्ध्याच लांबीवर घेतलं असेल तर आधी फरक दुप्पट धरा. टेलस्टॉकच्या बाजूला डायल लावून मगच सेटओव्हरचे (टेलस्टॉक आडवं सरकवणारे) स्क्रू फिरवा. नुसत्या अंदाजाने फिरवलं तर दिवस जातो. आवळल्यावर सुई परत पाहा, आवळताना ते हलतंच.

अडचण फक्त इतकी की बेडला पीळ असताना टेलस्टॉक जुळवला तर तो त्या एकाच लांबीला जुळतो. लांबी बदलली की परत टेपर. सेंटर न लावताही जॉब टेपर येत असेल तर आधी पुढची तपासणी करा, टेलस्टॉकला नंतर हात घाला.

पाय: इथे वेळ घाला

लेथचा बेड ओतीव लोखंडाचा, जाडजूड, म्हणून तो वाकत नाही, असं वाटतं. पण लांब आणि अरुंद बेड चार पायांवर ओल्या गोधडीसारखा पिळला जातो. फक्त तो पीळ डोळ्याला दिसत नाही, जॉबला दिसतो. टूल बेडच्या बरंच वर असतं, त्यामुळे पायाखालचा लहानसा फरक टूलच्या टोकाशी आडवं सरकणं होऊन बसतो. टेलस्टॉककडे बेड एका बाजूला कलला की टूल तिथे अक्षापासून दूर जातं किंवा जवळ येतं. हाच टेपर.

आपल्याकडे हा दोष परत परत येतो, त्याला कारण जमीन आहे. बडोद्याच्या बऱ्याच भागात खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर पिलरवर असतं, पण गॅरेजची किंवा मागच्या वाड्याची फरशी सरळ भरावावर टाकलेली असते, ती मातीबरोबर हलते. चैत्रात बरोबर लावलेली लेथ श्रावणात ०.०५ टेपर कापायला लागली, तर मशीनवर चिडू नका.

मांजलपूरला एका ओळखीच्या गृहस्थांकडे टेपर सकाळी कमी, दुपारी जास्त यायचा. त्यांनी बेड ग्राइंडिंगचा भाव काढून ठेवला होता. मी नाणं घेऊन चारही पायांभोवतीच्या टाइल ठोकल्या. तीन पायांशी भरीव आवाज, टेलस्टॉककडच्या मागच्या पायाखाली ठणठणीत पोकळ. व्हिट्रिफाइड टाइल, खाली मसाला अर्धाच लागलेला. एवढं वजन त्या एका टाइलवर थोडं खाली-वर होत होतं. टाइल फोडून तिथे काँक्रीट भरलं, वर १० मिमीची पोलादी प्लेट ठेवली आणि काँक्रीट पूर्ण सुकू दिलं. त्यानंतर जे लेव्हल केलं ते टिकलं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. चारही पायांचे बोल्ट सैल करा. प्रत्येक पायाखाली कागदाचा तुकडा सरकतो का पाहा. एक पाय हवेत असेल तर बोल्ट आवळताना बेड पिळला जातो, त्यामुळे आधी तिथे तेवढ्याच जाडीची शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला. शिमसाठी ०.०५ आणि ०.१ चा पितळी पत्रा घेऊन ठेवा. तो नसेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, कात्रीने कापला की झालं. सुतारी लेव्हल इथे उपयोगाची नाही, ०.०२ मिमी प्रति मीटरवाली मशीन लेव्हल लागते. ती विकत घेऊ नका. कलाभवनात (बडोद्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात) शिकलेला किंवा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) वर्कशॉप असलेला कुणीतरी ओळखीचा बडोद्यात निघतोच, त्याच्याकडून एका रविवारासाठी मागा. लेव्हल बेडवर आडवी, आधी हेडस्टॉकजवळ, मग टेलस्टॉककडे. दोन्हीकडे बुडबुडा सारख्याच जागी हवा. तो मध्यावरच हवा असं काही नाही, सगळी मशीन एका बाजूला कललेली असली तरी चालते. दोन्ही टोकं सारखी कललेली हवीत.

मशीन लेव्हल नाहीच मिळाली तरी चालेल. खरा निकाल दोन कॉलरची चाचणी देते, आणि मी लेव्हलनंतरही तीच करतो.

४० मिमीचा बार चकमध्ये घ्या, १५० मिमी बाहेर, टेलस्टॉक नाही. मध्ये व्यास २ मिमीने उतरवा, दोन्ही टोकांना १५-१५ मिमीच्या कॉलर (न उतरवलेले उंच पट्टे) ठेवा. ताजी धार लावलेलं टूल, फीड बारीक, शेवटचा कट ०.०५ चा. बाहेरची कॉलर कापा, क्रॉस स्लाइड लॉक केलेलीच ठेवा, कॅरेज चालवत आतली कॉलर कापा. मध्ये कट नसल्यामुळे टूलही कमी झिजतं आणि बारही कमी तापतो. निवल्यावर दोन्ही मोजा.

बाहेरची कॉलर जाड आली तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम. पुढचा म्हणजे आपल्या बाजूचा. तो उचलला की बेडचं वरचं अंग मागे झुकतं, टूल अक्षाकडे जातं, व्यास कमी होतो. बाहेरची बारीक आली तर टेलस्टॉककडच्या मागच्या पायाखाली. हेडस्टॉककडच्या पायांना हात लावायचा नाही. एका वेळी एकच शिम, बोल्ट आवळून, परत कट, परत माप. शिम जेवढी घालाल तेवढा बेड पिळला जात नाही, काही भाग स्टँडच खाऊन टाकतो. लेथ वाकवलेल्या पत्र्याच्या स्टँडवर असेल तर शिम स्टँड आणि बेडच्या मध्ये घाला. स्टँडच्या पायाखाली घातलेली शिम नुसता स्टँड पिळत बसते.

१५० मिमीत ०.०१ ते ०.०२ पर्यंत आलं की घरच्या कामाला पुष्कळ झालं. धडधाकट साध्या लेथकडून ३०० मिमीत ०.०२ च्या आसपास अपेक्षा ठेवतात. तुमची पन्नास वर्षांची आहे. शिम घातल्यावर लगेच आनंद साजरा करू नका, आठवडाभराने परत कॉलर मोजा, कास्टिंगला आणि फरशीला बसायला वेळ लागतो. आणि पाऊस संपल्यावर दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा एकदा.

इथून पुढे हात आखडा

एवढं सगळं करूनही चकमध्ये धरलेल्या जॉबवर ०.०५ च्या वर टेपर राहतोय, तर तीन शक्यता उरतात: स्पिंडलची बेअरिंग, हेडस्टॉकची जागा, बेडची झीज.

स्पिंडल तपासायला डायलची सुई स्पिंडलच्या नाकावर ठेवा आणि चकखाली लाकडी दांडा घालून अलगद वर उचला. जुन्या मशीनला गनमेटल किंवा व्हाइट मेटलचे बुश असतात, त्यात तेलाच्या थरापुरतं दोन-चार शतांश मिमी हलणं स्वाभाविक आहे. त्यापेक्षा बरंच जास्त हलत असेल तर बेअरिंगच्या टोपीखाली शिम असतात का पाहा. असल्या तर दोन्ही बाजूंच्या सारख्या जाडीच्या, अगदी पातळ, एकेक काढून बेअरिंग घट्ट करता येतं. त्यानंतर चक हाताने मोकळा फिरायला हवा आणि अर्धा तास चालवून हेडस्टॉकला हात लावता यायला हवा. हात भाजला तर लगेच बंद करा, शिम परत घाला. बुश निळे पडलेत, व्हाइट मेटल तुकड्यांनी निघतंय किंवा स्पिंडलवर चर पडलेत, तर तुमचं काम इथे संपलं. नवं व्हाइट मेटल ओतून बोअर करणं हे ज्याला येतं त्यालाच द्यायचं काम आहे.

हेडस्टॉक काही मशीनमध्ये व्ही-स्लाइडवर (बेडवरच्या व्ही आकाराच्या पट्टीवर) बसलेला असतो, तो आडवा फिरूच शकत नाही. काहींमध्ये सपाट जागेवर, जुळवायच्या स्क्रूंसह असतो. आधीच्या मालकाने तो काढला होता का, विचारा. रंग देताना हेडस्टॉकखाली रंगाचा थर किंवा चिप राहिली असेल तर तेवढं साफ करणं घरी होतं. स्क्रू फिरवून अक्ष जुळवणं मात्र टेस्ट बार (तपासणीचा अचूक सरळ बार) आणि अनुभवी माणूस असेल तरच. नाहीतर सुधारलेल्या बेडवर बिघडलेला हेडस्टॉक घेऊन बसाल.

आता बेड. झीज जवळजवळ नेहमी चकजवळच्या हात-दीड हात पट्ट्यात असते, कारण सगळं काम तिथेच होतं. टेलस्टॉककडचं टोक बहुधा कोरं. पण झीज म्हणजे टेपर हे समीकरण सरळ नाही. सॅडल सरळ खाली ०.१ बसलं तर ४० मिमी व्यासाच्या जॉबमध्ये फरक पडतो अर्ध्या मायक्रॉनचा, कारण टूल जॉबच्या परिघाला स्पर्शून सरकतं. पुढची व्ही जास्त झिजली की सॅडल पुढे कलतं, टूल आडवं सरकतं, आणि तेव्हा चकजवळ जॉब जाड येतो. बोटाला लागणारी पायरी भयंकर वाटते, पण जॉब काय सांगतो ते पाहा. कितीतरी ‘गेलेल्या’ बेडवर ५० मिमी लांबीची कामं बिनतक्रार होतात, आणि घरच्या वर्कशॉपमध्ये बुश, पिन, स्पेसर यापलीकडे रोज काय लागतं? लांब शाफ्ट महिन्यातून एखादी असेल तर ती मकरपुऱ्यात फिरवून आणा.

बेडला फाइल, पॉलिश पेपर किंवा हँड ग्राइंडर अजिबात लावू नका. स्क्रेपिंग (हाताने बारीक खरवडून पृष्ठभाग सपाट करणं) शिकायचं असेल तर आधी एखाद्या जुन्या लहान प्लेटवर शिका. कास्टिंगला चीर दिसली, विशेषतः हेडस्टॉकच्या पायाशी किंवा बेडच्या पायात, तर तिथेच थांबा. थ्री-फेज मोटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) आणि अर्थिंग हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं काम. अंगाला झिणझिण्या देणाऱ्या लेथवर टेपर कोण मोजणार?

अजून घेतली नसेल तर

राजकोटची, बटाल्याची, किर्लोस्कर, एचएमटी, काहीही असो, नवा रंग पाहून फसू नका. रंगाचा वास येत असेल तर दुप्पट तपासा. मशीन चालू करून मागा आणि आपला बार नेऊन दोन कॉलर तिथेच कापायला सांगा. मालक कुरकुरतो, पण करू देतो. टेपर आला तर घाबरू नका, विकायला ठेवलेली लेथ नेहमीच वाकड्या फरशीवर उभी असते. त्या आकड्यावरून भाव मात्र करता येतो. कॅरेज चकपासून टेलस्टॉकपर्यंत एका हाताने चालवा आणि कुठे जड होतं ते पाहा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शहरात बऱ्याच आत आलं होतं. मोटरच्या जोडणीच्या डब्यात, हेडस्टॉकच्या तळाशी आणि चकच्या स्क्रोलमध्ये (जॉ सरकवणाऱ्या आतल्या चकतीत) गाळाची पातळ साय दिसली तर ती मशीन कुठल्याशा पाण्यात उभी राहून आलीय असं धरा. बेडवरचा वरवरचा गंज निघतो. स्पिंडल आणि बुशवर पडलेले गंजाचे खड्डे निघत नाहीत.

ग्राइंडिंगला द्यायचीच ठरली तर

भाव विचारण्याआधी हे विचारा: बेड ग्राइंड झाल्यावर सॅडल खाली बसेल, त्याचं काय करणार? बेड अर्धा मिमी उतरला की सॅडल आणि त्याला लटकलेला एप्रन (कॅरेजचा पुढचा पेटीसारखा भाग) तेवढा खाली येतो. लीड स्क्रू हाफनटच्या मध्यावर राहत नाही, फीड रॉड एप्रनमध्ये घासतो, रॅकमध्ये पिनियनचं बसणं बदलतं. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्ही बेडवरच असतील तर तेही खाली येतात, पण सारखे येतील असं नाही, मग सेंटरची उंची परत जुळवावी लागते. जाणता कारागीर सॅडलखाली टर्साइटची (कमी घासणाऱ्या प्लॅस्टिकची) पट्टी चिकटवून आणि स्क्रेप करून उंची परत आणतो, किंवा लीड स्क्रूचे ब्रॅकेट खाली घेतो. ‘ते काय, बसेल आपोआप’ असं उत्तर आलं तर चहा प्या आणि घरी या. सॅडल आणि टेलस्टॉक बेडबरोबरच न्या, एकटा बेड देऊ नका. आणि जाताना तो कागद बरोबर ठेवा: पाच जागची मापं, दोन कॉलर, कॅरेज कुठे जड होतं, जॉ कसे धरतात. चांगला मिस्त्री आधी तो कागद मागतो आणि बऱ्याचदा तो वाचूनच म्हणतो, ‘याला ग्राइंडिंग नको, आधी याचे पाय बघा.’